आश्रितांचा वाली कोण ?

म्हातारा, आजारी, अपंग किंवा निराधार माणूस जेव्हां स्वतःचें घर सोडून एखाद्या आश्रयगृहांत राहावयास जातो, तेव्हां त्याला अन्न, वस्त्र आणि निवारा मिळतो हें खरें; पण त्याच वेळीं त्याची एक शक्ति त्याच्या हातून निघून जाते. घरीं असतां दुःख झालें तर तें शेजाऱ्याला सांगतां येतें, गांवांत चार माणसांत बोलतां येतें, अगदींच असह्य झालें तर उठून निघून जातां येतें. आश्रयगृहांत ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणें सांगावयाचें त्याच्याच हातांत उद्यांची भाकरी असते. जो अंथरुणाला खिळला आहे त्याला दारापर्यंत जातां येत नाहीं, आणि दाराबाहेरच्या जगाला आंतलें कण्हणें ऐकूं येत नाहीं. कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोणापाशीं मागावी, असें आपल्याकडे म्हणतात. आश्रयगृहांचा इतिहास हा बव्हंशीं या एका प्रश्नाचाच इतिहास आहे.

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्यें फार उघडपणें चर्चिला गेला. तेथें अशीं गृहें शेंकडों होतीं. तीं कायद्यानें व करदात्यांच्या पैशानें चालत. आणि त्यांतील गैरप्रकार उघडकीस आले कीं चौकशा होऊन त्यांचे वृत्तांत छापले जात. त्यामुळें दुबळ्यांच्या रक्षणाचे कोणते उपाय फसले आणि कोणते टिकले, हें त्या इतिहासांत स्पष्ट वाचतां येतें.

इंग्लंडांत राणी एलिझाबेथच्या अमदानींत, १६०१ सालीं, गरिबांच्या पालनाची जबाबदारी प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दींतील वस्तीवर, टाकण्यांत आली. गांवकऱ्यांनीं कर द्यावा आणि त्यांतून गांवच्या निराधारांना साहाय्य व्हावें, ही व्यवस्था सव्वादोनशें वर्षें कशीबशी चालली. पुढें शेतमजुरांत बेकारी माजली, कराचा बोजा वाढला, आणि करदाते कुरकुर करूं लागले. तेव्हां १८३४ सालीं पार्लमेंटनें नवा कायदा केला. पुष्कळ पॅरिशांचा मिळून एक संघ करावा, प्रत्येक संघानें एक वर्कहाऊस चालवावें, त्यावर करदात्यांनीं निवडलेलें पालकमंडळ असावें, आणि या सर्वांवर लंडनमध्यें बसलेल्या तीन कमिशनरांची देखरेख असावी, अशी त्या कायद्याची रचना होती. वर्कहाऊस या शब्दाचा अर्थ कामाचें घर. तेथें राहणाऱ्या माणसाची स्थिति बाहेरच्या हलक्यांत हलक्या मजुराच्या स्थितीहून कोणत्याहि बाबतींत बरी असतां कामा नये, हें या व्यवस्थेचें मूलतत्त्व. धडधाकट आळशानें सरकारी भाकरीची आशा सोडून कामास लागावें, हा त्यांतला हेतु.

हेतु कसाहि असो, दाराशीं आले ते लोक निराळेच होते. आळशी माणूस वर्कहाऊसच्या धाकानें दूर राहिला असेल; परंतु ज्याचे हातपाय थकले, ज्या बाईचा नवरा गेला, जें मूल पोरकें झालें, ज्याला बरा न होणारा रोग जडला, त्यांना दुसरा आसराच नव्हता. आळशाला भिववण्यासाठीं जें घर मुद्दाम कठोर केलें होतें, त्यांतच हीं दुबळीं माणसें येऊन पडलीं. आंत शिरतांना अंगावरचे कपडे काढून घेत व घरचा ठराविक पोषाख देत. पुरुष, बायका आणि मुलें यांची राहण्याची सोय वेगवेगळ्या भागांत असे. त्यामुळें चाळीस चाळीस वर्षें एकत्र संसार केलेलीं जोडपीं उतारवयांत एकाच छपराखालीं एकमेकांना दुरावत. साठ वर्षांवरील पतिपत्नींची ताटातूट करूं नये असा कायदा १८४७ सालीं झाला, पण त्यांच्यासाठीं स्वतंत्र खोल्या बांधण्याची तसदी फार थोड्या ठिकाणीं घेण्यांत आली.

या व्यवस्थेला पहिला मोठा हादरा १८४५ सालीं बसला. हँपशायर परगण्यांत अँडोव्हर नांवाचें एक गांव आहे. तेथील वर्कहाऊसचा अधीक्षक कॉलिन मॅक्डूगल हा जुना लष्करी शिपाई होता, आणि त्याची बायको तेथेंच मेट्रन होती. खत तयार करण्यासाठीं जनावरांचीं हाडें फोडून त्यांचा चुरा करणें, हें तेथील पुरुषांना नेमून दिलेलें काम. हाडें नासकीं, दुर्गंधि सुटलेलीं. तरीहि तीं फोडतां फोडतां लोक त्यांतील मगज आणि चिकटून राहिलेले मांसाचे तंतु काढून खात, इतकी त्यांची उपासमार होत होती. पालकमंडळाचा एक सभासद ह्यू मंडी याच्या कानावर ही गोष्ट आली. त्यानें ती मंडळापुढें मांडली, परंतु बहुसंख्य सभासद अधीक्षकाचीच पाठ राखूं लागले. तेव्हां त्यानें मंडळाबाहेर दाद मागितली. टॉमस वेक्ले या पार्लमेंटच्या सभासदानें १ ऑगस्ट १८४५ रोजीं कॉमन्स सभेंत याविषयीं प्रश्न विचारला, ‘दि टाइम्स’ पत्रानें प्रकरण उचलून धरलें, आणि सारा देश हळहळला.

चौकशींत जें निघालें तें विचार करण्याजोगें आहे. अँडोव्हर येथें नियम नव्हते असें नाहीं. कोणाला आठवड्यास किती पाव, किती मांस, किती चीज द्यावयाचें याचें लंडनच्या कमिशनरांनीं मंजूर केलेलें कोष्टक होतें. तें कोष्टक आधींच चिमटीनें मोजून केलेलें; आणि प्रत्यक्ष ताटांत पडत होतें तें त्याहूनहि कमी. अधीक्षकावर लक्ष ठेवावयास पालकमंडळ होतें, मंडळावर लक्ष ठेवावयास सहायक कमिशनर होता, सहायक कमिशनरावर तीन कमिशनर होते. परंतु या सगळ्या उतरंडींत ज्याचें पोट रिकामें होतें त्याला विचारणारा कोणी नव्हता. खर्च कमी झाला कीं मंडळाला समाधान, कागद वेळेवर आले कीं कमिशनरांना समाधान. शेवटीं मॅक्डूगलला जावें लागलें, हाडें फोडण्याचें काम बंद झालें, आणि सहायक कमिशनर पार्कर याला वरिष्ठांनीं बळीचा बकरा केलें. पार्लमेंटच्या समितीनें १८४६ सालीं खुद्द कमिशनरांवरच ठपका ठेवला. पुढल्याच वर्षीं त्यांचें कमिशन मोडून, पार्लमेंटला जबाबदार असणारें पुअर लॉ बोर्ड त्याच्या जागीं नेमण्यांत आलें. म्हणजे देखरेख करणाऱ्यालाहि कोणीतरी जाब विचारूं शकला पाहिजे, एवढा धडा १८४७ सालापर्यंत गिरवला गेला.

परंतु भुकेलेला माणूस निदान बोलूं तरी शकतो. ज्यांना बोलण्याचेंहि त्राण नव्हतें अशा रोग्यांची दशा यापुढें आणखी वीस वर्षें अंधारांत राहिली. इंग्लंडांतील मोठीं इस्पितळें धर्मादाय देणग्यांवर चालत. बरा होण्यासारखा रोगी तेथें घेत, आणि जुनाट, असाध्य किंवा सांथीच्या रोगाचा माणूस नाकारीत. असे सर्व रोगी वर्कहाऊसमध्यें येऊन पडत. नांवानें तें कामाचें घर. वस्तुतः तें देशांतील सर्वांत मोठें इस्पितळ आणि सर्वांत मोठा वृद्धाश्रम बनलें होतें. मात्र त्याला ना इस्पितळाची इमारत होती, ना इस्पितळाचीं माणसें. रोग्यांची शुश्रूषा करण्याचें काम तेथेंच राहणाऱ्या दुसऱ्या निराधार बायकांकडे असे. त्यांतील कित्येक स्वतः वृद्ध, कित्येक अशक्त, पुष्कळजणी निरक्षर. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांच्या हातीं औषध देण्याचें काम. पगार नाहीं, मोबदला म्हणून जादा बिअर मिळे, आणि प्रेत धुऊन नीट ठेवण्यासारख्या अप्रिय कामाबद्दल जिनचा पेला मिळे.

हा अंधार पहिल्यानें एका पाहुणीनें भेदला. लुइझा ट्वायनिंग ही लंडनच्या प्रसिद्ध चहाव्यापारी घराण्यांतील बाई. १८५३ सालीं तिच्या ओळखीची एक म्हातारी स्ट्रँड संघाच्या वर्कहाऊसमध्यें होती. तिला भेटावयास ती गेली. तेथें तिनें पाहिलें कीं, अंथरुणावर पडून राहिलेल्या शेंकडों माणसांकडे वर्षानुवर्षें बाहेरचें कोणी फिरकतहि नाहीं. काहीं स्त्रियांनीं नियमितपणें येऊन या लोकांशीं बोलावें, त्यांना वाचून दाखवावें, एवढीच परवानगी तिनें मागितली. ती नाकारण्यांत आली. अधिकाऱ्यांना फुलें आणि पुस्तकें यांची भीति नव्हती. भीति होती ती आंत येऊन पाहणाऱ्या आणि बाहेर जाऊन बोलणाऱ्या माणसाची. लुइझा ट्वायनिंगनें चिकाटी सोडली नाहीं. १८५८ सालीं तिनें वर्कहाऊसना भेटी देणारें एक मंडळ स्थापन केलें, त्याचें एक पत्र चालविलें, आणि १८६१ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें साक्षहि दिली. भेटीस जाणाऱ्या या बायकांच्या हातीं कसलीहि सत्ता नव्हती. तरी आपल्याकडे कोणी येणार आहे हें रोग्याला ठाऊक असलें, आणि कोणी विचारणार आहे हें अधीक्षकाला ठाऊक असलें, म्हणजे त्या घरांतील वागणुकींत फरक पडूं लागतो, हें त्यांनीं दाखवून दिलें.

त्याच स्ट्रँड संघाच्या वर्कहाऊसमध्यें १८५६ पासून डॉ. जोसेफ रॉजर्स हे वैद्यकीय अधिकारी होते. त्यांची नेमणूक हा त्या काळच्या काटकसरीचा एक मासलाच होता. पगार तुटपुंजा, आणि रोग्यांना लागणारीं औषधेंहि त्यांनीं त्याच पगारांतून विकत आणावयाचीं. म्हणजे औषध जितकें कमी द्यावें तितका डॉक्टराचा संसार बरा चालावा, अशी ही व्यवस्था ! वर्कहाऊसच्या अंगणांत बाहेरच्या लोकांचे गालिचे झोडपून साफ करून देण्याचा धंदा चाले. त्यापासून मंडळाला उत्पन्न होई. पण धुळीमुळें रोग्यांच्या खोल्यांच्या खिडक्या उघडतां येत नसत, आणि तो धपधप आवाज मरणोन्मुख माणसांच्या कानांवर सारखा आदळत असे. डॉ. रॉजर्स यांनीं याविरुद्ध वर्षानुवर्षें झगडा केला. त्याचें फळ म्हणून १८६८ सालीं त्यांनाच आपली जागा गमवावी लागली. आंतील माणसानें खरें बोलावें आणि त्याबद्दल त्याचीच भाकरी जावी, हा प्रकार तेव्हांपासून अनेक देशांत अनेकदां घडला आहे.

प्रकरण पेटलें तें दोन मृत्यूंमुळें. टिमोथी डेली नांवाचा एक आयरिश मजूर संधिज्वरानें आजारी पडून होबर्न संघाच्या वर्कहाऊसमध्यें दाखल झाला होता. एकाच कुशीवर पडून राहिल्यामुळें त्याच्या अंगाला मोठमोठ्या जखमा पडल्या, आणि डिसेंबर १८६४ मध्यें सेंट बार्थोलोम्यू इस्पितळांत त्याला मृत्यु आला. वर्ष लोटण्यापूर्वींच सेंट जाइल्स वर्कहाऊसमधील रिचर्ड गिब्सन याच्या हेळसांडीची आणि मृत्यूची हकीकत प्रसिद्ध झाली. दोन्ही मृत्यूंची कोरोनरकडून चौकशी झाली व वर्तमानपत्रांनीं तिचा तपशील छापला. या दोघांना कोणी मारहाण केली नव्हती, कोणीं विष दिलें नव्हतें. रोग्याला वेळच्या वेळीं कूस बदलून द्यावयाची, त्याचें अंग पुसावयाचें, खालची चादर कोरडी ठेवावयाची, हें साधें काम कोणाचेंच नव्हतें. शय्याव्रण ही एका रात्रींत होणारी गोष्ट नव्हे. कोणींच लक्ष दिलें नाहीं अशा अनेक दिवसांचा आणि अनेक रात्रींचा हिशेब ती जखम रोग्याच्या अंगावर लिहून ठेवते.

डेलीच्या मृत्यूची वार्ता वाचून फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें पुअर लॉ बोर्डाचे अध्यक्ष चार्ल्स व्हिलियर्स यांना पत्र लिहिलें. क्रिमियाच्या युद्धांतील कामानें तिचें नांव घरोघर झालें होतें, त्यामुळें तें पत्र बाजूस सारतां येण्यासारखें नव्हतें. रोगी, वेडे, असाध्य व्याधीचे लोक आणि मुलें यांना वर्कहाऊसच्या शिस्तींतून बाहेर काढून त्यांच्या गरजेप्रमाणें वेगवेगळीं गृहें द्यावीं. या सर्वांचा कारभार एका हातीं असावा. आणि खर्चासाठीं साऱ्या लंडनवर एकच सामाईक कर बसवावा, अशी तिची तीन कलमांची मागणी होती. रोगी झाला कीं माणूस गरीब म्हणून ओळखला जाण्याचें थांबलें पाहिजे, तो केवळ रोगी म्हणून ओळखला गेला पाहिजे, हें त्या मागणीचें सार.

याच सुमारास ‘दि लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकानें १८६५ सालीं स्वतःची चौकशी सुरू केली. हें साप्ताहिक टॉमस वेक्ले यानेंच काढलेलें; अँडोव्हरचा प्रश्न पार्लमेंटांत मांडणारा तोच हा पुरुष. तो १८६२ सालीं वारला होता, आणि त्याचा मुलगा जेम्स वेक्ले आतां संपादक होता. त्यानें अर्नेस्ट हार्ट, फ्रान्सिस अ‍ॅन्स्टी आणि विल्यम कार या तीन डॉक्टरांना लंडनच्या वर्कहाऊसमधील रुग्णशाळा पाहावयास पाठविलें. त्यांनीं दयेचीं भाषणें केलीं नाहींत, मोजमापें घेतलीं. एका खोलींत खाटा किती, माणशीं हवा किती घनफूट, खिडक्या कोणत्या बाजूस, टॉवेल किती जणांत एक, परिचारिका किती आणि त्यांतल्या शिकलेल्या किती, रात्रीं कोण जागें असतें, एका डॉक्टराकडे रोगी किती. जेथें व्यवस्था बरी दिसली तेथें त्यांनीं ती बरी म्हणून लिहिली, त्यामुळें त्यांच्या निंदेलाहि वजन आलें. हे वृत्तांत अंकामागून अंकांत प्रसिद्ध झाले, आणि वर्कहाऊसच्या भिंतीआडचें जग लोकांच्या चहाच्या मेजावर येऊन बसलें.

परिणाम १८६७ सालीं झाला. तोंवर मंत्रिमंडळ बदललें होतें. नवे अध्यक्ष गॅथोर्न हार्डी यांनीं लंडनसाठीं कायदा आणला, आणि तो मांडतांना मोकळेपणानें कबूल केलें कीं, धडधाकटांना दूर ठेवण्यासाठीं योजलेली कडक शिस्त रोग्यांना लावली गेली, आणि रोगी हे त्या शिस्तीचे पात्र नव्हेत. तेहतीस वर्षांच्या धोरणांतली मुख्य गफलत खुद्द सरकारच्या तोंडून अशी बाहेर पडली. या कायद्यानें रोग्यांसाठीं वर्कहाऊसपासून अलग रुग्णालयें उभारण्याची सोय झाली, सांथीच्या रोग्यांसाठीं व मनोरुग्णांसाठीं वेगळें मंडळ नेमलें गेलें, आणि लंडनच्या सर्व भागांचा एक सामाईक निधि झाला. औषधांचा आणि डॉक्टरांच्या पगाराचा खर्च या निधींतून निघूं लागला. याचें महत्त्व मोठें होतें. पूर्वीं ज्या वस्तींत गरीब अधिक, तेथें रोगी अधिक, आणि कर देणारे कमी. म्हणजे जेथें शुश्रूषेची गरज जास्त तेथेंच पैसा नाहीं. आतां श्रीमंत वस्तीचा पैसा गरीब वस्तीच्या रोग्यापर्यंत पोंचूं लागला. डॉक्टराच्या खिशाचें आणि रोग्याच्या औषधाचें वैर संपलें.

इमारत आणि पैसा मिळाला तरी रोग्याच्या अंगाला लागणारा हात कोणाचा, हा प्रश्न उरतोच. त्याचें उत्तर लिव्हरपूल शहरानें दिलें. तेथील ब्राउनलो हिल वर्कहाऊसच्या रुग्णशाळेंत बाराशेंच्या आसपास रोगी असत. विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्यानें तीन वर्षांचा खर्च आपल्या पदरचा देऊं केला, आणि १८६५ सालीं अ‍ॅग्नेस जोन्स ही तरुण आयरिश बाई तेथें मुख्य परिचारिका म्हणून आली. जर्मनींतील कायझर्सवर्थ येथें आणि लंडनमध्यें नाइटिंगेलच्या शाळेंत तिनें शिक्षण घेतलें होतें. तिच्याबरोबर बारा शिकलेल्या परिचारिका होत्या व अठरा उमेदवार होत्या. आरंभीं त्यांना फक्त पुरुषांचे विभाग देण्यांत आले. तेथीलच कांहीं धडधाकट बायकांना थोडा पगार देऊन हाताखालीं तयार करावें असा प्रयत्न झाला; पण त्यांतील पुष्कळजणींना दारूच्या व्यसनामुळें काढून टाकावें लागलें. अधीक्षकाशीं अधिकाराचे तंटे झाले. तरीहि अंथरुणें स्वच्छ झालीं, औषध वेळेवर मिळूं लागलें, रात्रीं हांक मारली तर कोणी उठून येऊं लागलें. अ‍ॅग्नेस जोन्स १८६८ च्या फेब्रुवारींत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, रोग्यांपासूनच लागलेल्या टायफस तापानें वारली. परंतु लिव्हरपूलच्या करदात्यांनीं तिचें काम बंद पडूं दिलें नाहीं. शिकलेली परिचारिका ही दानशूराची हौस नसून सार्वजनिक खर्चाची रास्त बाब आहे, हें एका शहरानें मान्य केलें.

एका शहरानें मान्य केलेली गोष्ट साऱ्या देशानें मान्य करावयास तीस वर्षें लागलीं. १८७५ सालीं पहिली स्त्री पालकमंडळावर निवडून आली; पुढें स्वतः लुइझा ट्वायनिंगहि केन्सिंग्टनच्या मंडळावर बसली. जिला एकेकाळीं भेटीस येण्याची परवानगी मिळत नव्हती तीच आतां हिशेब तपासूं लागली. १८७९ सालीं वर्कहाऊसच्या रुग्णशाळांना शिकलेल्या परिचारिका पुरविणारी संस्था निघाली. आणि १८९७ सालीं, म्हणजे डेलीच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनीं, आश्रितांकडून रोग्यांची शुश्रूषा करविण्यास सरकारी हुकुमानें बंदी झाली.

यानंतर रक्षणाचा आणखी एक मार्ग निघाला, आणि तो आश्रयगृहाच्या बाहेरून आला. १९०८ च्या कायद्यानें सत्तर वर्षांवरील गरिबांना आठवड्यास पांच शिलिंग पेन्शन मिळूं लागली. ज्या म्हाताऱ्याच्या हातांत पांच शिलिंग आहेत त्याला मुलगी किंवा पुतण्या आपल्या घरीं ठेवूं शकतो, आणि ज्याला बाहेर जाण्याचा रस्ता मोकळा आहे त्याला आंत कोणी फार छळूं शकत नाहीं. पालकमंडळें १९३० सालीं संपुष्टांत आलीं. १९४८ च्या नॅशनल असिस्टन्स कायद्यानें गरिबांचा जुना कायदा कायमचा गेला, आणि वृद्धांसाठीं स्थानिक संस्थांनीं निवासगृहें चालवावीं असें ठरलें. पेन्शन त्या वेळीं आठवड्यास सव्वीस शिलिंग होती. त्यांतले एकवीस शिलिंग निवासाचें भाडें म्हणून द्यावयाचे आणि पांच शिलिंग स्वतःच्या हातखर्चास ठेवावयाचे, अशी योजना होती. भाडें देणारा माणूस याचक राहत नाहीं, हा त्यांतला विचार. खासगी गृहांनीं आपली नोंदणी करावी व सरकारी तपासनिसाला आंत येऊं द्यावें, हेंहि त्याच कायद्यांत आलें.

मात्र कायदा बदलला तरी भिंती त्याच राहिल्या. पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञानें १९५८ व १९५९ सालीं इंग्लंड-वेल्समधील १७३ निवासगृहें पाहिलीं, आणि वृद्धांचा फार मोठा भाग अजून जुन्या वर्कहाऊसच्या इमारतींतच राहत असल्याचें १९६२ च्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें. पुढें बार्बरा रॉब ही बाई एका ओळखीच्या वृद्धेला भेटावयास मनोरुग्णालयांत गेली, आणि तेथील वागणूक पाहून तिनें १९६७ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. लुइझा ट्वायनिंगच्या त्या पहिल्या भेटीनंतर एकशें चौदा वर्षांनीं पुन्हां एका पाहुणीनेंच दार उघडावें, हा योगायोग खास नव्हे. १९६९ सालीं कार्डिफ येथील ईली इस्पितळासंबंधीं एका नोकरानें केलेल्या तक्रारी बव्हंशीं खऱ्या ठरल्या, आणि त्यानंतर दीर्घकाळच्या रोग्यांच्या इस्पितळांसाठीं बाहेरच्या तपासणीची व्यवस्था झाली. इंग्लंडांत २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन ही संस्था सर्व शुश्रूषागृहांची तपासणी करते व आपले निष्कर्ष जाहीर करते. तरीहि २०११ सालीं ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयांतील छळ बाहेर आला तो लपविलेल्या कॅमेऱ्यामुळें. तेथील एका वरिष्ठ परिचारकानें आधींच तक्रार केली होती, आणि तपासनिसांनीं तिची दखल घेतली नव्हती. पुढें अकरा नोकरांनीं गुन्हे कबूल केले.

हा इतिहास आपल्याला परका नाहीं. पुण्यांत डेव्हिड ससून यांच्या देणगीनें एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत अनाथ-पंगूंसाठीं गृह निघालें, तें याच काळांतलें. आज तें ‘निवारा’ या नांवानें चालू आहे. एकत्र कुटुंब मोडत चालल्यापासून महाराष्ट्रांत गांवोगांव वृद्धाश्रम निघाले आहेत. आईबाप व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनासंबंधीं आपल्या देशांत २००७ सालीं कायदा झाला. त्यांत प्रत्येक जिल्ह्यांत निदान दीडशें गरजू वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्यसरकारनें काढावा, आणि वृद्धाश्रमांच्या व्यवस्थेचा दर्जा ठरवून द्यावा, अशी तरतूद आहे. परंतु कायद्याची भाषा ‘काढलाच पाहिजे’ अशी नसून ‘काढूं शकेल’ अशी आहे. अधिकार दिला, बंधन घातलें नाहीं. आणि दर्जाचें कोष्टक केवळ कागदावर असलें तर काय होतें, तें अँडोव्हरनें १८४५ सालींच दाखवून ठेवलें आहे.

आश्रितांचा वाली कोण, या प्रश्नाचें उत्तर म्हणून त्या इतिहासांत एकाहि व्यक्तीकडे बोट दाखवितां येत नाहीं. दानशूरानें पैसा दिला, पण त्याचा मुक्काम रोग्याच्या उशाशीं नव्हता. कायद्यानें दर्जा ठरविला, पण रात्रीं हांकेला ओ देणारा माणूस कायदा नसतो. तपासनीस आला, पण तक्रार ऐकण्याची त्याची तयारी नव्हती तेव्हां तो येऊन न आल्यासारखा झाला. जेथें पाहुण्याला वाटेल तेव्हां आंत येतां आलें, जेथें शुश्रूषा करणारा शिकलेला व पोटापुरता पगार मिळणारा होता, जेथें खरें बोलणाऱ्या नोकराची नोकरी गेली नाहीं, आणि जेथें आश्रिताच्या मुठींत स्वतःचे चार पैसे होते, तेथेंच तो सुरक्षित राहिला. यांपैकीं एक जरी गोष्ट निसटली तरी बाकीच्यांवर ताण पडतो. सरकारनें आपलें करावें, संस्थेनें आपलें करावें; पण पहिली गोष्ट, म्हणजे भेटीस जाणें, ही कोणाच्या हुकुमाची वाट पाहणारी नाहीं. आपल्या गांवांतल्या वृद्धाश्रमाच्या दारांत महिन्यांतून एकदां जाऊन, तेथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या नांवानें हांक मारून, जेवण कसें होतें आणि रात्रीं झोंप लागते का, एवढें विचारावयास फार मोठें भांडवल लागत नाहीं.